अॅडमिन ताईंचं कौतुक पुरे

ऑनलाइन समूह बायकांनी चालवले तर काय होतं, या वादातली दोन्ही बाजूंची वाक्यं एव्हाना पाठ झाली आहेत. एक बाजू म्हणते, बाई अॅडमिन असली की ग्रुप घरासारखा राहतो. ती सगळ्यांना सांभाळून घेते, भांडणं वाढू देत नाही, शिवीगाळीला थारा देत नाही. दुसरी बाजू म्हणते, बाई अॅडमिन असली की उठसूट कमेंटी उडतात, मतभेद म्हणजे अपमान ठरतो आणि चार मैत्रिणींचं राज्य सुरू होतं. महिला दिनाच्या सुमारास पहिल्या बाजूची सरशी होते, एखादी पोस्ट उडाली की दुसरीची. मला दोन्ही बाजू अमान्य आहेत, आणि त्यामागे मधला मार्ग काढायची हौस नाही. भांडणाऱ्या या दोन्ही पक्षांचं एका गोष्टीवर पूर्ण एकमत आहे, आणि घोटाळा नेमका तिथेच आहे. समूह चालवणं हा स्वभावाचा प्रश्न आहे, असं दोघंही धरून चालतात. एकाला तो स्वभाव गोड वाटतो, दुसऱ्याला खाष्ट.

माझं म्हणणं असं की समूह चालवणं हा कारभार आहे. कोणाला आत घ्यायचं, कुठला नियम करायचा, तो मोडला तर शिक्षा काय, तंटा कोणापुढे न्यायचा, ही सगळी सत्तेची कामं आहेत. ती शिकावी लागतात, चुकतात, त्यांची किंमत मोजावी लागते. या कारभाराला आपण ‘माया’ म्हणत राहिलो, तर तो करणाऱ्या बाईला कौतुक भरपूर मिळेल. अधिकार, मोबदला आणि संरक्षण यांतलं काहीही मिळणार नाही. ‘सर्वोत्कृष्ट अॅडमिन’ म्हणून तिचा सत्कार होईल. (त्या सत्काराच्या पोस्टवरच्या कमेंटीही तिनेच आवरायच्या, हा भाग वेगळा.)

हे काम एकदा जवळून बघू. काही हजार बायकांचा एक बंद ग्रुप आहे असं समजा. एकीने तिथे विचारलं, ‘मी नवऱ्याचं घर सोडायच्या विचारात आहे, वकील कसा शोधू?’ दुसऱ्या दिवशी त्या पोस्टचा स्क्रीनशॉट नवऱ्याच्या फोनवर. अॅडमिनने आता काय करायचं? आधी पोस्ट खाली घ्यायची. मग जिची पोस्ट आहे तिला गाठून, ती या क्षणी सुरक्षित आहे का हे विचारायचं. त्यानंतर शोध. तो स्क्रीनशॉट हाती लागला असेल तर बारकाईने वाचायचा. त्यात किती कमेंटी दिसतात, त्यावरून तो साधारण कधी काढला ते कळतं. लाइकचा अंगठा रंगलेला असेल तर काढणारीने स्वतः लाइक दिलेला होता. अॅपची भाषा कुठली ठेवली आहे? पोस्टच्या बाजूला फक्त अॅडमिनना दिसणारी बटणं तर दिसत नाहीत ना? दिसत असतील तर फितुरी आपल्याच टीममध्ये. एवढं करून संशय चौघींवर येऊन थांबतो आणि पक्का पुरावा एकीविरुद्धही नसतो. चौघींना काढलं तर किमान तिघींवर अन्याय, कोणालाच काढलं नाही तर पाचवी बाई उद्या काही विचारायला धजणार नाही. ग्रुपला सांगितलं तर घाबरून सगळ्या जुन्या पोस्टी पुसतील, लपवलं तर विश्वासघात. माया इथे काय कामाची? इथे चौकशीची शिस्त लागते, पुराव्याची पारख लागते, आणि ‘ठोस काही हाती नाही, म्हणून कोणालाही काढत नाही’ हे खवळलेल्या जमावाच्या तोंडावर सांगायची धमक लागते.

रोजचं काम इतकं नाट्यमय नसतं, पण जोखीम तीच असते. आत यायची विनंती येते: खातं गेल्या आठवड्यात उघडलेलं, फोटो नाही, ओळखीचं कोणी नाही, प्रश्नांची उत्तरं रिकामी. हा बाईच्या नावाने शिरू पाहणारा पुरुष असू शकतो. घरच्यांना कळू नये म्हणून दुसरं खातं उघडलेली, खरोखर अडचणीतली बाईही असू शकते. म्हणजे ज्या खुणांवरून धोका ओळखायचा, त्याच खुणा सर्वांत गरजू सदस्येच्या असतात. असे निर्णय दिवसातून कितीतरी वेळा घ्यायचे आणि एकही चुकला तर ‘अॅडमिन झोपल्या होत्या का’ हे ऐकायचं.

या कामाला शास्त्र आहे, आणि ते इंटरनेटहून जुनं आहे. १९६८मध्ये गॅरेट हार्डिन या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने मांडलं की सामायिक कुरण असलं की प्रत्येक जण त्यात आणखी एक जनावर सोडणार आणि कुरण उजाड होणार. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी पुढे अनेक वर्षं प्रत्यक्ष कुरणं, कालवे, मासेमारीची ठिकाणं अभ्यासली आणि दाखवून दिलं की लोक आपसांत नियम करून शतकानुशतकं सामायिक साधनं टिकवतात. स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल गावाचा नियम १५१७ सालचा: हिवाळ्यात जेवढ्या गायी स्वतः पोसू शकाल, त्याहून जास्त उन्हाळ्यात डोंगरावरच्या कुरणात सोडायच्या नाहीत. २००९मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. टिकलेल्या व्यवस्थांमध्ये त्यांना सापडलेल्या गोष्टी कुठल्याही जाणत्या अॅडमिनला ओळखीच्या वाटतील. सीमा स्पष्ट असावी. नियम ज्यांना लागू होतात त्यांचा तो बनवण्यात हात असावा. शिक्षा पायरीपायरीने वाढावी. तंटा सोडवायची जागा जवळची आणि स्वस्त असावी. आधी सूचना, मग एका दिवसाचा म्यूट, मग आठवड्याचा, शेवटी बॅन, हा क्रम एखाद्या अॅडमिनने ऑस्ट्रॉमचं नावही न ऐकता अनुभवातून बसवलेला असतो. कालव्याच्या पाण्याची पाळी ठरवणाऱ्या माणसाला आपण ‘किती प्रेमळ’ म्हणत नाही. त्याचा निवाडा योग्य होता का, हे विचारतो.

अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये मादाम जोफ्रँ यांच्या घरी सोमवारी चित्रकार-शिल्पकार जमायचे आणि बुधवारी लेखक-तत्त्वज्ञ. तेव्हा तयार होत असलेल्या फ्रेंच विश्वकोशाच्या कामात गुंतलेल्यांना तिथे व्यासपीठ होतं, आणि त्या प्रकल्पाला जोफ्रँ यांचा पैशाचाही आधार होता. कोणाला बोलवायचं हे त्या ठरवत. चर्चा धर्माच्या किंवा राजकारणाच्या धोकादायक वळणावर गेली की ‘चला, हे छान झालं’ अशा अर्थाचं त्यांचं एक ठेवणीतलं वाक्य येई आणि विषय तिथे संपे. आजच्या भाषेत, कमेंट्स बंद. त्या काळातल्या हुशार, मानी, एकमेकांचा हेवा करणाऱ्या पुरुषांना एका टेबलाशी वर्षानुवर्षं बसवून ठेवणं ही राजदूताच्या तोडीची कामगिरी होती. पण इतिहासात नोंद बहुधा कशी होते? विचार पुरुषांचे, आणि बाईंकडे पाहुणचार. त्याच काळात, १७५८मध्ये, तत्त्वज्ञ रूसो यांनी त्या विश्वकोशाचे एक संपादक दालांबेर यांना लिहिलेल्या जाहीर पत्रात तक्रार केली की बायकांच्या बैठकींत बसून पुरुष बायकी होतात. बाईच्या हाती चर्चेची सूत्रं आली की चर्चा मिळमिळीत होते, हा आजचा आक्षेप अडीचशे वर्षांहून जुना आहे. त्या मिळमिळीत बैठकींतून काय काय बाहेर पडलं, ते फ्रान्सच्या राजाला पुढे चांगलंच समजलं.

दुसरा दाखला टेलिफोनचा. सुरुवातीला एक्स्चेंजमध्ये पोरगे ठेवले होते. ते ग्राहकांना शिव्या देत, खोड्या काढत, मुद्दाम चुकीची जोडणी करून देत. १ सप्टेंबर १८७८ रोजी बॉस्टनमध्ये एमा नट या पहिल्या स्त्री ऑपरेटर कामावर रुजू झाल्या आणि थोड्याच वर्षांत हे काम बायकांचं ठरलं. कारण काय दिलं गेलं? आवाज गोड, स्वभाव सोशिक. स्विचबोर्डवरची चपळाई, एकाच वेळी डझनभर जोडण्यांचं भान, संतापलेल्या ग्राहकाला लाइनवर ठेवून दुसऱ्याला उत्तर देणं, हे सगळं त्या ‘गोड आवाजा’त विरघळून गेलं. आणि जे निसर्गानेच दिलं आहे त्याचा जास्त पगार कोण देतो? कौशल्याला गुण म्हटलं की त्याचा दर पडतो, हे तेव्हाच्या कंपन्यांना पक्कं ठाऊक होतं. आजच्या कंपन्याही ते विसरलेल्या नाहीत.

आता दुसऱ्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करायला हवं. पहिली गोष्ट म्हणजे, बायकांनी चालवलेल्या समूहांत खरोखरच फरक दिसतो. न्यूयॉर्कमध्ये १९९० साली स्टेसी हॉर्न यांनी ‘एको’ नावाचा ऑनलाइन समूह सुरू केला. इंटरनेटवर बायकांचं प्रमाण जेमतेम १०-१५ टक्के होतं तेव्हा एकोवर ते ४० टक्क्यांच्या आसपास होतं. त्याआधी १९८७मध्ये अनिता बोर्ग यांनी संगणक क्षेत्रातल्या स्त्रियांसाठी ‘सिस्टर्स’ ही ईमेल यादी सुरू केली. त्या क्षेत्रात एकट्यादुकट्या पडलेल्या बायकांना पहिल्यांदाच एकमेकींचा पत्ता लागला. मग फरक आहेच की, असं कोणी म्हणेल. आहे, पण तो आला कुठून? हॉर्न यांनी बायकांना शोधून, आग्रह करून आणलं, चर्चागटांच्या यजमानपदी बायका बसतील हे पाहिलं, बायकांना खासगीत बोलता येईल अशी जागा ठेवली. बोर्ग यांनी यादी फक्त बायकांपुरती ठेवली, आतलं बोलणं परवानगीशिवाय बाहेर जाणार नाही असा नियम केला, आणि ‘हा पुरुषांवर अन्याय आहे’ या आरोपाला वर्षानुवर्षं युक्तिवादाने उत्तर दिलं. हे सगळे निर्णय आहेत. पुरुषानेही ते घेता आले असते. घेतले नाहीत, कारण अडचण त्याच्या वाट्याला आलेली नव्हती.

अनुभवाचा मुद्दा मात्र मी पुसून टाकणार नाही. अमेरिकेतल्या प्यू या जनमत-पाहणी संस्थेच्या २०२१च्या अहवालानुसार ऑनलाइन लैंगिक छळ झाल्याचं १६ टक्के स्त्रियांनी सांगितलं, पुरुषांपैकी ५ टक्क्यांनी. ३५ वर्षांखालच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण ३३ टक्के होतं. ‘गार्डियन’ या ब्रिटिश वृत्तपत्राने २०१६मध्ये आपल्या संकेतस्थळावरच्या ७ कोटी कमेंटी तपासल्या. सर्वाधिक शिवीगाळ झेलणाऱ्या दहा लेखकांपैकी आठ स्त्रिया होत्या आणि उरलेले दोघं कृष्णवर्णीय पुरुष. सर्वांत कमी झेलणारे दहाही पुरुष. ज्याला रोज चटका बसतो त्याला चूल कुठे आहे हे आधी कळतं, एवढाच याचा अर्थ. ‘साधी चौकशी’ वाटणाऱ्या इनबॉक्समधल्या मेसेजचं पुढे काय होतं, हे बाईला ठाऊक असतं. ही माहिती आहे, आणि माहिती दुसऱ्याला देता येते. स्वभाव देता येत नाही. हा फरक व्यवहारात फार मोठा आहे. अॅडमिनची कामगिरी स्वभावावर उभी असेल तर तिच्या जागी दुसरी तितकीच गोड बाई शोधत बसावं लागेल. ती माहितीवर आणि नियमांवर उभी असेल तर ते लिहून ठेवता येईल, नव्या मॉडरेटरला, म्हणजे चर्चेवर देखरेख ठेवणाऱ्याला, शिकवता येईल, आणि चुकलं तर सुधारताही येईल.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे, आणि तो बायकाच जास्त घेतात. बायकांच्या समूहांत दादागिरी नसते असं कोण म्हणतं? असते, आणि तिचं रूप ओळखायला अवघड असतं. नियम सगळ्यांना सारखे, पण संस्थापिकेच्या मैत्रिणीची पोस्ट राहते आणि नवखीची उडते. कारण विचारलं तर ‘ग्रुपचं वातावरण बिघडतंय’. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करते. स्त्रीमुक्ती चळवळीतल्या जो फ्रीमन यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीलाच आपल्या सहकाऱ्यांना सुनावलं होतं: आमच्यात कोणी नेता नाही, आम्ही सगळ्या समान, असं म्हणणाऱ्या गटातही सत्ता असतेच, फक्त ती मैत्रीच्या आड लपते आणि म्हणून तिला जाब विचारता येत नाही. पण हा आक्षेप कोणाच्या बाजूने जातो? ‘आमचा ग्रुप म्हणजे एक कुटुंब’ या थाटाच्या विरोधात जातो. कुटुंबात घटना नसते, अपील नसतं, मुदत संपत नाही. कारभार म्हटला की या तिन्ही गोष्टी मागता येतात: नियम लिहिलेले असावेत, काढून टाकलेल्या सदस्येला दाद मागायची जागा असावी, अॅडमिनपद कायमचं नसावं. मनमानी करणाऱ्या अॅडमिनवर ‘बाई आहे म्हणून’ अशी टीका करणारे तिला एक प्रकारे सोडूनच देतात, कारण स्वभावाला औषध नसतं.

नियम लिहिले की सगळं सुरळीत होतं, असंही नाही. विकिपीडियाइतके लिखित नियम क्वचितच कुठे असतील. तरी तिथल्या संपादकांमध्ये स्त्रिया साधारण १३ टक्केच असल्याचं २०१०च्या सुमाराच्या एका पाहणीत दिसलं. तेव्हा विकिमीडिया फाउंडेशनच्या प्रमुख असलेल्या स्यू गार्डनर यांनी २०१५पर्यंत हा आकडा २५ टक्क्यांवर न्यायचं ठरवलं. ते साधलं नाही. २०१८मध्ये डोना स्ट्रिकलंड यांना भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं त्या सकाळी इंग्रजी विकिपीडियावर त्यांचा लेखच नव्हता. काही महिन्यांपूर्वी आलेला मसुदा ‘पुरेसे संदर्भ नाहीत’ म्हणून परत गेला होता. नियमाप्रमाणे तो निर्णय बरोबर होता, आणि दुखणं तिथेच आहे. ज्यांच्याबद्दल आधी लिहिलं गेलं त्यांच्याबद्दलच पुढे लिहिता येतं, असा नियम असला की जुना पक्षपात नव्या कागदावर तसाच उतरतो. ऑस्ट्रॉम यांचा मुद्दा पुन्हा आठवतो: नियम ज्यांना लागू होतात त्यांचा तो बनवण्यात हात आहे का? तिथल्या परिस्थितीत जो काही बदल झाला तो रोझी स्टीफन्सन-गुडनाइट यांच्यासारख्यांनी चिकाटीने कामाला माणसं लावल्यामुळे. २०१५मध्ये सुरू झालेल्या ‘विमेन इन रेड’ या उपक्रमाने आणि तशाच इतर प्रयत्नांनी इंग्रजी विकिपीडियावरच्या चरित्रांत स्त्रियांचा वाटा १५-१६ टक्क्यांवरून २० टक्क्यांच्या आसपास आला. कमी वाटतं ना? लाखो लेखांच्या ढिगात पाच टक्के हलवणं म्हणजे काय, ते करून पाहणाऱ्यालाच कळेल.

तिसरा आक्षेप पैशाचा. लोक म्हणतात, अॅडमिनपद कोणी लादलेलं नाही, आवड म्हणून घेतलं. पैसे आले की आपलेपणा जातो. यात तथ्य आहे. पगारी मॉडरेटर आला की सदस्य त्याला नोकर समजतात आणि तो सदस्यांना ग्राहक. मीही प्रत्येक ग्रुपच्या अॅडमिनला पगार द्या म्हणणार नाही. पण ‘आवड म्हणून’ हे वाक्य कोणाच्या फायद्याचं आहे ते बघा. एओएल या अमेरिकी कंपनीने १९९०च्या दशकात आपल्या चॅटरूम आणि चर्चा हजारो स्वयंसेवकांकडून चालवून घेतल्या. त्यांना कामाच्या पाळ्या होत्या, प्रशिक्षण होतं, अहवाल द्यावे लागत, आणि मोबदला म्हणजे सेवेच्या शुल्कात सवलत. १९९९मध्ये केली हॅलिसी आणि आणखी एका स्वयंसेवकाने दावा लावला की हे स्वयंसेवा नव्हे, ही नोकरी आहे. कंपनीने शेवटी दीड कोटी डॉलरवर तडजोड केली, पण ती २०१०मध्ये. अकरा वर्षं! २०२२मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी रेडिट या चर्चांच्या संकेतस्थळावरच्या मॉडरेटरांच्या बिनपगारी कामाचा हिशेब मांडला, तो वर्षाला किमान ३४ लाख डॉलर निघाला. आपलेपणा दोन्ही बाजूंनी असता तर एवढी रक्कम एकाच बाजूच्या वहीत जमा झाली नसती.

आपलेपणा न गमावता कारभार करता येतो याचं मला माहीत असलेलं सर्वांत ठसठशीत उदाहरण ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे आहे. आवडत्या पुस्तकांतली, मालिकांतली पात्रं घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या कथांचा हा ऑनलाइन संग्रह. २००७मध्ये चाहत्यांच्या कथालेखनातून पैसा करू पाहणारी एक कंपनी उभी राहिली. लिहिणाऱ्या बहुतेक बायका, आणि कंपनीच्या वरच्या खुर्च्यांत पुरुष. चिडलेल्या चाहत्यांनी निषेधाची पत्रं लिहून थांबायचं नाही असं ठरवलं. सर्व्हर आपल्या मालकीचे हवेत, असं त्या म्हणाल्या, आणि ना-नफा संस्था काढली. ज्यांना प्रोग्रामिंग येत नव्हतं त्यांच्यापैकी काही जणी संकेतस्थळ उभं करता करता ते शिकल्या. २००९च्या नोव्हेंबरमध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. जाहिरात नाही, खर्च देणग्यांवर, संचालक मंडळ सदस्यांच्या मतांनी निवडलेलं. कथांना लेखक वाटेल ते टॅग देतात, आणि एकाच पात्राची वेगवेगळ्या स्पेलिंगांतली दहा नावं एकत्र बांधायला स्वयंसेवकांची एक वेगळी फळी आहे. इतकं कंटाळवाणं काम इतक्या गांभीर्याने केलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. २०१९मध्ये या संग्रहाला विज्ञानकथेच्या क्षेत्रातला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. तिथेही कोणाला पगार नाही. स्वयंसेवक दमतात, मंडळावर टीका होते, निवडणुकीत वाद होतात. पण तो वाद निवडणुकीत होतो, हेच मला महत्त्वाचं वाटतं. तिथे काम करणारी बाई ज्या घरात राबते त्या घराच्या कागदावर तिचंही नाव आहे.

हे नाव नसलं की काय होतं ते २०१५च्या जुलैमध्ये रेडिटवर दिसलं. प्रसिद्ध व्यक्तींच्या प्रश्नोत्तरांचं काम सांभाळणाऱ्या आणि मॉडरेटरांशी दुवा असलेल्या व्हिक्टोरिया टेलर यांना कंपनीने अचानक काढलं. संतापलेल्या मॉडरेटरांनी शेकडो ग्रुप बंद केले. राग निघाला तो प्रभारी सीईओ एलन पाओ यांच्यावर. राजीनाम्याच्या मागणीवर दोन लाखांहून जास्त सह्या झाल्या, वंशद्वेषी आणि लैंगिक शिव्यांचा पाऊस पडला आणि १० जुलैला त्या पायउतार झाल्या. टेलर यांना काढायचा निर्णय पाओ यांचा नव्हता, हे कंपनीच्याच माजी सीईओंनी नंतर जाहीरपणे सांगितलं. मिशेल रायन आणि अॅलेक्झांडर हॅस्लम या संशोधकांनी २००५मध्ये दाखवलं होतं की संस्था अडचणीत असली की बाईला प्रमुखपदी बसवायचा कल वाढतो. आधीच खचलेल्या कड्यावर तिला उभं करायचं, आणि पडली की ‘बघा, जमलं नाही’. गंमत पुढे आहे. पाओ यांच्या कारकिर्दीत, जूनमध्ये, लोकांची छळवणूक करणारे काही ग्रुप बंद केले होते आणि त्यावरून ‘सेन्सॉरशिप’ची ओरड झाली होती. त्यांपैकी एक, आणि त्या गेल्यावर ऑगस्टमध्ये बंद झालेला दुसरा, यांच्या सदस्यांचा मागोवा २०१७मध्ये एका अभ्यासाने घेतला. बरेच जण रेडिट सोडून गेले होते. जे राहिले त्यांच्या लिखाणातली द्वेषाची भाषा किमान ८० टक्क्यांनी घटली होती. म्हणजे बाईचा निर्णय धोरण म्हणून खरा उतरला होता. तोवर त्या खुर्चीत दुसरं कोणी बसलेलं होतं.

उरतो अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा मुद्दा, आणि त्यावर मी फार वेळ घालवणार नाही. कमेंट काढणं म्हणजे गळा दाबणं, असं म्हणणाऱ्यांनी एवढंच सांगावं: शिव्यांना कंटाळून जी न बोलता निघून गेली, तिचं स्वातंत्र्य मोजायचं कसं? उडवलेली कमेंट दिसते, न लिहिलेली दिसत नाही. शिवाय काय ठेवायचं याची कायदेशीर जोखीम अनेकदा चालवणाऱ्यांवर येते. ब्रिटनमधला ‘मम्सनेट’ हा आयांचा समूह जस्टिन रॉबर्ट्स यांनी २०००मध्ये सुरू केला. बालसंगोपनावर लिहिणाऱ्या एका प्रसिद्ध लेखिकेबद्दल सदस्यांनी जे लिहिलं त्यावरून वकिली नोटिसा आल्या आणि २००७मध्ये तडजोड करावी लागली. त्यानंतर बदनामीचा कायदा बदला म्हणणाऱ्यांत मम्सनेटही होतं, आणि २०१३च्या नव्या कायद्यात संकेतस्थळ चालवणाऱ्यांसाठी बचावाची स्वतंत्र तरतूद आली. ‘आयांच्या गप्पा’ म्हणून ज्याची टिंगल झाली त्या समूहाने संसदेपर्यंत धडक मारली होती.

टेलिफोनकडे परत जाते तर १९१९चा एप्रिल दिसतो. न्यू इंग्लंडमधल्या सुमारे ८ हजार ऑपरेटर ज्युलिया ओकॉनर यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेल्या. त्या प्रदेशातली टेलिफोन सेवा जवळजवळ ठप्प झाली, लाइनमन पुरुषही त्यांच्या बाजूने उतरले आणि आठवड्याच्या आत पगारवाढ मिळाली. २०२३च्या जूनमध्ये बाहेरच्या अॅपांना जोडणीसाठी पैसे आकारायच्या रेडिटच्या नव्या धोरणाविरुद्ध हजारो ग्रुप बंद झाले. कंपनी हलली नाही. उघडा, नाहीतर तुमच्या जागी दुसरे मॉडरेटर येतील, असा इशारा तेवढा मिळाला. त्यातले कितीतरी मॉडरेटर पुरुष होते. म्हणजे हे काम पुरुषाने केलं तरी त्याला वागणूक तीच मिळते, जी ‘बायकी’ ठरलेल्या कामाला मिळते. ऑपरेटरांकडे युनियन होती, आणि त्यांच्याइतकी तयार माणसं रातोरात मिळणार नव्हती. मॉडरेटरांकडे ग्रुपची किल्लीसुद्धा उसनी होती.

म्हणून एखाद्या समूहाचं नेतृत्व बाईकडे आहे असं ऐकलं की मी आता तिच्या स्वभावाची चौकशी करत नाही. सदस्यांची यादी कोणाच्या ताब्यात आहे, नियम बदलायचा हक्क कोणाला आहे, जाहिरातीचे पैसे आले तर कोणाच्या खात्यात जातात, कोर्टाची नोटीस आली तर वकील कोण देणार, हे विचारते. आणि तिने महिनाभर फोन बंद ठेवून रजा घेतली तर कारभार कोणाकडे जाईल, हेही. या शेवटच्या प्रश्नावर बहुतेक जणी आधी हसतात.